टँग सांभाळायचा तर: टँकची लांबी, प्राणवायू, हिरवा चारा आणि पांढरे ठिपके

हवाईच्या किनाऱ्यालगतचे यलो टँग किती जगतात हे पाहण्यासाठी संशोधकांनी त्यांच्या कानातल्या खड्यांवर वर्षागणिक पडणारी वर्तुळं मोजली, तेव्हा एका माशाचं वय 41 वर्षं निघालं. तळहाताएवढा मासा आणि चाळिशी पार! घरच्या टँकमध्ये मात्र याच जातीचे कित्येक मासे पहिल्या काही महिन्यांतच जातात. ही तफावत नशिबाची नाही. समुद्रात टँगचा दिवस कसा जातो हे एकदा नीट समजलं, की त्याच्या बाबतीत होणाऱ्या बहुतेक चुका टाळता येतात. म्हणून आधी माशाबद्दल बोलू, मग टँकबद्दल.

टँग हे सर्जनफिश कुळातले मासे. या कुळात ऐंशीहून जास्त जाती आहेत. सगळ्यांच्या शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना धारदार काटे असतात. यलो टँग, ब्लू टँग, पावडर ब्लू यांचा काटा एका खाचेत मिटून बसलेला असतो आणि हवा तेव्हा बाहेर निघतो. नासो गटातल्या माशांचे काटे कायम उघडेच असतात. काटे भांडणासाठी आणि बचावासाठी. पोट भरायला त्यांची गरज नसते, कारण यातल्या बहुतेकांचं मुख्य अन्न शेवाळ आहे. उथळ, लाटांनी सतत ढवळलेल्या पाण्यात, प्रवाळाच्या खडकांवरून हे मासे उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत हिंडतात आणि हिंडता हिंडता खुडत राहतात. हवाईत तर यलो टँग हिरव्या समुद्री कासवांच्या पाठीवर उगवलेलं शेवाळही खाऊन साफ करतात. शेळी जशी चालत चालत दिसेल त्या पाल्याला तोंड लावते, तसाच हा प्राणी. त्याला हिंडायला जागा हवी, श्वासाला भरपूर प्राणवायू हवा आणि दिवसभर तोंडात घालायला हिरवं काहीतरी हवं. पुढचं जवळजवळ सगळं यातूनच निघतं.

जागा म्हणजे लांबी

टँक किती लिटरचा हा प्रश्न सगळे विचारतात, पण टँगसाठी आधी लांबी बघायला हवी. तीनशे लिटरचा उंच चौकोनी टँक आणि तीनशे लिटरचा चार फूट लांब टँक यांत पाणी सारखंच असलं, तरी माशाच्या दृष्टीने पहिला निरुपयोगी. आडवं सरळ पोहायला मिळालं नाही की टँग एकाच काचेसमोर खालीवर येरझाऱ्या घालू लागतो, बुजरा होतो किंवा चिडका होतो.

यलो टँग समुद्रात सुमारे 20 सेंटिमीटरपर्यंत वाढतो. त्याला निदान चार फूट लांबीचा, तीनशे-साडेतीनशे लिटरचा टँक द्यावा. कोले टँग आणि टोमिनी टँग यांची वाढ याहून थोडी कमी, स्वभावही त्या मानाने सौम्य. पहिला टँग कुठला घ्यावा असं मला कुणी विचारलं तर मी या दोघांपैकी एकाचं नाव घेतो. निळाशार ब्लू टँग सगळ्यांना आवडतो, विकायला येतो तेव्हा दोन-तीन इंचांचा असतो, आणि इथेच फसगत होते. तो 30 सेंटिमीटरपर्यंत जातो, त्यात अतिशय चपळ. त्याला सहा फुटांहून कमी लांबी देऊ नये असं माझं ठाम मत आहे. सेलफिन टँग 40 सेंटिमीटरच्या आसपास जातो, नासो त्याहून मोठा आणि व्लामिंगी तर 60 पर्यंत. हे मासे घरच्या साधारण टँकसाठी नाहीतच. ‘आत्ता लहान आहे, मोठा झाला की मोठा टँक घेऊ’ हा विचार कागदावर बरा वाटतो. पण मोठा टँक बहुधा ठरल्या वेळी येत नाही आणि माशाची वाढ थांबत नाही.

टँकमध्ये खडक रचताना मागच्या काचेला टेकवून भिंत उभी करू नका. खडकांच्या आरपार बोगदे, कमानी ठेवा आणि पुढे लांबच लांब मोकळी पट्टी सोडा. टँग रात्री एखाद्या ठरलेल्या कपारीत शिरून, अंग चोरून झोपतो. त्याला अशी स्वतःची जागा लागते.

रात्रीवरून आठवलं. अंधारात अचानक टॉर्च मारून यलो टँग पाहिलात तर दचकायला होईल. पिवळा रंग फिका पडलेला, अंगाच्या मध्यावर तपकिरी डाग आणि त्यातून गेलेला पांढरा पट्टा. हा आजार नाही. झोपेत त्याचा रंग असाच बदलतो आणि दिवे लागल्यावर थोड्या वेळात पुन्हा पिवळा होतो. नवखे लोक हे पाहून टँकमध्ये औषध ओततात. कृपा करून तसं करू नका.

पाणी आणि त्यातला प्राणवायू

पाण्याचे आकडे कोणत्याही रीफ टँकसारखेच, म्हणजे प्रवाळ ठेवलेल्या खाऱ्या टँकसारखेच: तापमान 24 ते 26 अंश सेल्सिअस, क्षारता विशिष्ट गुरुत्वात 1.025 च्या आसपास, म्हणजे लिटरमागे साधारण 35 ग्रॅम मीठ, पीएच 8.1 ते 8.4, अमोनिया आणि नायट्राइट शून्य. मीठ अॅक्वेरियमसाठी मिळणारंच, पाणी आरओडीआयचं, म्हणजे गाळून क्षार काढून टाकलेलं. टँकमधून बाष्प होऊन उडतं ते नुसतं पाणी, मीठ मागे राहतं. म्हणून रोजची तूट गोड्या पाण्याने भरायची, खाऱ्या नाही. नवा टँक सायकल होऊन अमोनिया पचवणारे जिवाणू स्थिरावायला चार-सहा आठवडे लागतात, पण तेवढ्यावर टँग आणू नये. खडकांवर शेवाळाचा थर यायला आणि पाणी शांतपणे एका पातळीवर राहायला सहा महिने तरी जाऊ द्यावेत.

टँगच्या बाबतीत खरं दुर्लक्ष होतं ते प्राणवायूकडे. पाणी जितकं गरम आणि जितकं खारट, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. 25 अंशाला गोड्या पाण्याच्या एका लिटरमध्ये साधारण सव्वाआठ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. समुद्राच्या पाण्यात पावणेसातच्या आसपास. म्हणजे खाऱ्या टँकची सुरुवातच तुटीने होते. त्यात टँग दिवसभर पोहणारा, लाटांच्या फेसाळ पाण्यातला. रात्री परिस्थिती आणखी अवघड होते, कारण दिवे विझले की शेवाळ प्राणवायू सोडायचं थांबवतं आणि उलट स्वतःच वापरू लागतं. पहाटे टँकमधला प्राणवायू आणि पीएच दोन्ही सगळ्यात खाली असतात. संध्याकाळी ठणठणीत असलेला टँग सकाळी मेलेला सापडला, तर संशयितांच्या यादीत प्राणवायू वर असायला हवा.

उपाय सोपे आहेत. वेव्हमेकरचं, म्हणजे टँकमधलं पाणी ढवळणाऱ्या पंपाचं, तोंड असं ठेवा की पृष्ठभाग सतत थरथरता राहील. पाणी-हवेची देवाणघेवाण तिथेच होते. स्किमर (फेस करून घाण बाहेर काढणारं यंत्र) चांगल्या क्षमतेचा घ्या, तो घाण काढता काढता पाण्यात भरपूर हवाही मिसळतो. वीज गेली तर चालणारा बॅटरीवरचा एअर पंप घरात असू द्या. तास-दोन तास बाकीचे मासे कळ काढतात, टँग काढेलच असं नाही.

चारा

टँगला दिवसातून एकदा चिमूटभर पेलेट (तयार खाद्याच्या बारीक गोळ्या) टाकणं म्हणजे त्याला उपाशी ठेवणं. शेवाळ हे पचायला कठीण आणि ताकदीला कमी असलेलं अन्न. ते थोडं थोडं, सारखं आत जायला लागतं. त्यासाठी सर्जनफिशचं आतडं लांब असतं आणि त्यात जिवाणूंची मोठी वस्ती असते. तांबड्या समुद्रातल्या एका सर्जनफिशच्या आतड्यात तर अर्ध्या मिलिमीटरहून लांब, नुसत्या डोळ्यांना दिसणारा जिवाणू सापडला. तो इतका मोठा होता, की 1980 च्या दशकात सापडला तेव्हा तो जिवाणू असेल असं कुणाला वाटलंच नाही. ते 1993 मध्ये सिद्ध झालं. मासा बरेच दिवस उपाशी राहिला की आतड्यातल्या या वस्तीवरही परिणाम होतो, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

रोजचा मुख्य चारा म्हणजे नोरी, वाळवलेल्या समुद्री शेवाळाचे पातळ कागदासारखे तुकडे. मीठ-मसाला-तेल न लावलेलीच नोरी घ्या. पट्टी कापून क्लिपमध्ये अडकवा आणि क्लिप काचेला लावा. नवीन आलेला टँग क्लिपला घाबरतो. तेव्हा एका लहान खडकाला नोरी रबरबँडने बांधून तळाला ठेवा. त्याच्या लेखी खडकावरचं हिरवं म्हणजे खाणं. पहिले एक-दोन दिवस तो नुसता बघत राहील. मग बाजूने येऊन एक तुटका तुकडा तोंडात घेईल, थुंकेल, पुन्हा घेईल. त्याने एकदा पट्टी ओढून फाडली, की अर्धी लढाई जिंकलात. सकाळी लावलेली पट्टी संध्याकाळपर्यंत उरली तर काढून टाका, नाहीतर पाणी खराब होतं. उल्वा किंवा ग्रॅसिलारिया हे ताजं शेवाळ मिळालं तर उत्तमच. जोडीला स्पिरुलिना असलेले पेलेट आणि गोठवलेला मायसिस, म्हणजे कोळंबीसारखा बारीक जीव.

सगळे टँग एकसारखं खात नाहीत, हेही पाहा. यलो, पर्पल, सेलफिन हे चोच पुढे काढून खडकावरचं तंतुमय शेवाळ खुडतात. कोले आणि टोमिनी यांचे दात कंगव्यासारखे बारीक असतात. ते पृष्ठभागावरचा शेवाळ-गाळाचा पातळ थर झाडून घेतात, काचेवर त्यांच्या ओठांचे गोल ठसे दिसतात. जुन्या, थर साचलेल्या खडकांशिवाय त्यांचं भागत नाही. ब्लू टँग समुद्रात मुख्यतः पाण्यात तरंगणारे बारीक जीव खातो, शेवाळ जोडीला. त्याला फक्त नोरीवर ठेवलं तर तो खंगतो.

मासा पुरेसा खातोय का, हे बाजूने पाहून कळत नाही. टँग बाजूने नेहमी ताटाएवढा रुंद दिसतो. तो तुमच्याकडे तोंड करून येईल तेव्हा समोरून बघा. पोट किंचित फुगीर हवं. पोट खपाटीला गेलेलं, डोळ्यांच्या वरचा भाग खचलेला, पाठीची कड सुरीच्या धारेसारखी वर आलेली दिसली तर मासा बरेच दिवस उपाशी आहे.

‘टँक हिरवा झालाय, एक टँग सोडला की साफ होईल’ या हिशेबाने टँग आणू नका. ब्रायोप्सिससारखं शेवाळ तो सहसा खात नाही, सायनोबॅक्टेरियाच्या लाल-जांभळ्या थराला तोंड लावत नाही, आणि आवडीचं शेवाळ आठवड्यात संपवून मग भुकेला राहतो.

डोक्यावर आणि अंगाच्या मध्यरेषेवर बारीक खड्डे पडून कातडी झिजल्यासारखी दिसणं ही टँगची आणखी एक ओळखीची तक्रार. निकृष्ट आहार हे एक कारण सांगितलं जातं. पण 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लिग्नाइट या कोळशापासून केलेला अॅक्टिव्हेटेड कार्बन (पाणी शुद्ध करायचे काळे दाणे) वापरलेल्या टँकमधल्या सर्जनफिशना हीच झीज झाली. कार्बन वापरायचाच असेल तर टणक दाण्यांचा घ्या, काळी भुकटी पूर्ण जाईपर्यंत धुवा आणि अशी झीज दिसताच कार्बन काढून टाका.

पांढरे ठिपके

टँग पाळणाऱ्याने कुठली एकच गोष्ट मुळापासून समजून घ्यावी, तर ती ही. अंगावर मिठाचे कण सांडल्यासारखे पांढरे ठिपके, खडकावर अंग घासणं, जलद श्वास: हा खाऱ्या पाण्यातला इक नावाचा आजार. तो क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स नावाच्या एकपेशीय परजीवीमुळे होतो, आणि टँग त्याला इतर माशांच्या आधी बळी पडतात.

या परजीवीचं चक्र चार टप्प्यांचं आहे. पहिल्या टप्प्यात तो माशाच्या कातडीच्या आत शिरून तीन ते सात दिवस माशावर जगतो. आपल्याला ठिपका दिसतो तो हाच. मग तो मासा सोडतो, वाळू-खडकावर जाऊन चिकटतो आणि स्वतःभोवती कवच तयार करतो. कवचाच्या आत त्याचं विभाजन होत राहतं. ठरावीक काळाने कवच फुटून शंभर-दोनशे नवे परजीवी बाहेर पडतात आणि पोहत मासा शोधतात. एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ते मरतात. सापडला की पुन्हा पहिला टप्पा.

आता लोकांची फसगत कुठे होते ते बघा. चौथ्या-पाचव्या दिवशी ठिपके नाहीसे होतात आणि सगळ्यांना वाटतं मासा बरा झाला. त्या दिवसांत लसूण घातला असेल तर लसणाला श्रेय मिळतं, क्लीनर कोळंबी (माशांचं अंग साफ करणारी) आणली असेल तर कोळंबीला. प्रत्यक्षात परजीवी फक्त तळाला उतरलेले असतात. थोड्या दिवसांनी ते कैक पटींनी वाढून परततात आणि ती दुसरी लाट मासा मारते. गोड्या पाण्यात बुडवूनही उपयोग नाही, कारण परजीवी कातडीच्या आत सुरक्षित असतो. कवचातल्या परजीवीवरही औषध चालत नाही. त्याला गाठता येतं ते पोहत असतानाच.

म्हणून उपचार वेगळ्या क्वारंटाइन टँकमध्ये करायचा आणि चिकाटीने करायचा. तांब्याचं औषध हा जुना आणि खात्रीचा मार्ग. साध्या आयनिक तांब्याची पातळी लिटरला 0.15 ते 0.20 मिलिग्रॅम ठेवतात. चिलेटेड, म्हणजे दुसऱ्या रसायनाने बांधून ठेवलेल्या तांब्याच्या प्रकारात मात्रा साधारण दहापट असते, म्हणून बाटलीवरची सूचना वाचल्याशिवाय थेंबही टाकू नका. तांब्याचा टेस्ट किट हाताशी हवा. पातळी कमी पडली तर परजीवी जगतो, जास्त झाली तर मासा मरतो. दोन-तीन दिवसांत हळूहळू चढवा आणि मग निदान दोन आठवडे टिकवा, त्याहून जास्त चालेल. अमोनिया निष्प्रभ करणारी रसायनं तांब्याबरोबर वापरू नका, दोन्ही मिळून माशाला विषारी ठरू शकतात. मुख्य टँकमध्ये तांबं कधीही टाकायचं नाही. प्रवाळ, कोळंब्या, गोगलगायी मरतातच, शिवाय खडक आणि वाळू तांबं शोषून ठेवतात.

तांबं नको असेल तर दर 72 तासांनी मासा पूर्ण कोरड्या, निर्जंतुक केलेल्या दुसऱ्या टँकमध्ये नव्या पाण्यात हलवायचा, असं चार वेळा. परजीवी माशावरून उतरतो आणि कवच फुटायच्या आत मासा तिथून निघालेला असतो. कष्टाचं काम आहे, पण औषधाशिवाय होतं. क्षारता 1.009 पर्यंत उतरवून काही आठवडे ठेवण्याची पद्धतही इकवर चालते. मात्र वेल्वेट नावाच्या दुसऱ्या परजीवीवर ती चालत नाही. वेल्वेटमध्ये ठिपक्यांऐवजी अंगावर बारीक सोनेरी-करड्या भुकटीचा लेप दिसतो, मासा उजेड टाळतो, वेव्हमेकरच्या झोतात तोंड धरून उभा राहतो आणि दोन-तीन दिवसांत मरू शकतो. तिथे वाट पाहायची नाही, त्याच दिवशी तांबं सुरू करायचं.

मुख्य टँकचं काय? सगळे मासे बाहेर काढून तो रिकामा ठेवायचा. कवच फुटायला बहुधा तीन ते 28 दिवस लागतात, पण 72 दिवस लागल्याचीही नोंद आहे. म्हणून 76 दिवस थांबण्याची पद्धत पडली आहे. अडीच महिने माशांशिवाय टँक बघत बसणं जिवावर येतं, कबूल. पण महिनाभराने मासे परत सोडले आणि एक कवच उरलं असेल, तर सगळं पहिल्यापासून.

यापेक्षा कितीतरी स्वस्त आणि सोपं म्हणजे प्रत्येक नवा मासा आधी महिनाभर क्वारंटाइनमध्ये ठेवणं. साधा काचेचा टँक, तळाला काही नाही, लपायला पीव्हीसीचे रुंद पाइप, मुख्य टँकमध्ये आधीच मुरवून ठेवलेला स्पंज फिल्टर, हीटर आणि भरपूर हवा. या महिन्यात मासा निवांतपणे नोरी खायलाही शिकतो.

लांबून आलेली पिशवी उघडतानाही घाई आणि दिरंगाई दोन्ही नडतात. बंद पिशवीत माशाच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच उतरतो आणि त्या आम्लतेत अमोनिया कमी घातक रूपात राहतो. पिशवी उघडताच वायू उडून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. तेव्हा बंद पिशवी तरंगत ठेवून तापमान जुळवा, क्वारंटाइनच्या पाण्याची क्षारता आधीच पिशवीएवढी करून ठेवा, आणि उघडल्यावर तासभर थेंब थेंब पाणी घालत न बसता मासा लगेच हलवा. पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतू नका.

भांडणं

टँग आपल्यासारख्या दिसणाऱ्याशी भांडतो. यलोला पर्पल खपत नाही, पावडर ब्लूला दुसरा पावडर ब्लू. वेगळ्या आकाराचे आणि वेगळा चारा खाणारे टँग मोठ्या टँकमध्ये एकत्र नांदू शकतात, पण क्रम महत्त्वाचा: सौम्य आधी, आक्रमक शेवटी. पर्पल, पावडर ब्लू, सोहल यांपैकी कुणाला आधी सोडलं तर नंतर आलेल्याची खैर नाही. पर उभारून बाजू दाखवणं ही धमकी; शेपटी वळवून अंगावर येणं म्हणजे काटा उघडला. नव्या माशाला भोकं असलेल्या पारदर्शक डब्यात घालून काही दिवस त्याच टँकमध्ये ठेवा, जुना काचेवर डोकं आपटून कंटाळला की सोडा. जुन्या माशाच्या बाजूला काचेबाहेरून आरसा लावला तर त्याचा राग काही दिवस आरशावर निघतो, हाही उपयोगी उपाय आहे.

टँग पकडायला जाळी वापरू नका. काटा जाळीत अडकतो आणि सोडवताना मासाही जखमी होतो, तुमचा हातही. पारदर्शक डब्यात चारा ठेवून त्यात शिरू द्या. काटा लागलाच तर जखम स्वच्छ धुवा, आणि सूज चढू लागली तर डॉक्टरांना दाखवताना खाऱ्या पाण्यातल्या माशाने लागलंय हे सांगा.

मासा निवडताना

विकणाऱ्याला मासा तुमच्यासमोर खायला घालायला सांगा. खात नसेल, पोट खपाटीला असेल, श्वास धापा टाकल्यासारखा असेल तर कितीही सुंदर असो, घेऊ नका. कीव येऊन घेतलेला आजारी टँग सहसा वाचत नाही आणि त्याच्या जागी तसाच दुसरा आणला जातो.

शक्य असेल तर टँकमध्येच जन्मलेला टँग घ्या. टँगची अंडी मिलिमीटरहून लहान, पिल्लांचं तोंड त्याहून बारीक आणि पाण्यात तरंगत वाढण्याचा त्यांचा काळ लांबलचक. त्यामुळे हे मासे कैदेत वाढवणं फार वर्षं जमलं नव्हतं. 2015 मध्ये हवाईच्या ओशनिक इन्स्टिट्यूटने यलो टँग वाढवला, 2016 मध्ये फ्लोरिडा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत ब्लू टँग वाढला. 2017 मध्ये हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरणीय आढाव्याशिवाय अॅक्वेरियमसाठी मासे पकडण्याचे परवाने देता येणार नाहीत असा निकाल दिला, आणि तेव्हापासून टँकमध्ये वाढलेल्या यलो टँगचं महत्त्व आणखी वाढलं. हे मासे पहिल्या दिवसापासून पेलेट ओळखतात आणि माणसाला बुजत नाहीत. मात्र ते विक्रीला येतात तेव्हा बहुधा नाण्याएवढे असतात. इतक्या लहान अंगात साठा नसतो, त्यामुळे पहिले दोन महिने दिवसातून तीन-चार वेळा बारीक पेलेट द्या आणि नोरीची पट्टी दिवसभर लावून ठेवा.